दरातच दडलेली कपात: रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्याचे प्रकरण

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, पारसिकच्या डोंगरापर्यंत पसरलेल्या टीटीसी औद्योगिक वसाहतीत, रबाळेजवळ एक कारखाना आहे. तेथे इंजेक्शन मोल्डिंगच्या मशिनांवर औषधांच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या बाटल्यांची झाकणे, डब्या आणि मापे तयार होतात. हे प्रकरण वर्गातील चर्चेसाठी रचलेले आहे. कारखाना आणि त्यातील माणसे कोणी एक विशिष्ट नाहीत, म्हणून त्यांना नावेही दिलेली नाहीत. त्यातील कायदे, टक्केवाऱ्या आणि इतिहास मात्र जसेच्या तसे आहेत, आणि या वसाहतीत मनुष्यबळाचे काम पाहणाऱ्या कोणालाही प्रसंगाचा गाभा अनोळखी वाटणार नाही.

संस्थापकांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली आणि पुढे रबाळ्याला स्वतःचा प्लॉट घेतला. आता ते अध्यक्ष आहेत आणि रोजचा कारभार त्यांची मुलगी व्यवस्थापकीय संचालक म्हणून पाहते. कायम कामगार मोजके आहेत, ते मशिनवर आणि साचेदुरुस्तीवर. झाकणांचे रनर (साच्यातून झाकणांना जोडून येणाऱ्या प्लास्टिकच्या काड्या) तोडणे, कडेची फ्लॅश (बाहेर आलेले जादा प्लास्टिक) ब्लेडने काढणे, मोजून पिशव्या भरणे आणि खोके बांधणे ही सगळी कामे एका ठेकेदाराकडून आलेले सुमारे दीडशे कामगार करतात. त्यांत बहुतेक बायका असून त्या दिघा, इलठणपाडा, घणसोली या भागांतून येतात. मालातला मोठा वाटा एका मोठ्या सूचीबद्ध कंपनीकडे जातो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बीआरएसआर अहवाल, म्हणजे व्यवसायातील जबाबदारी आणि शाश्वतता यांविषयीचा अहवाल, बंधनकारक केल्यानंतर या ग्राहकाने आपल्या पुरवठादारांचे सामाजिक ऑडिटही, म्हणजे कामगारांच्या पगाराची आणि हक्कांची तपासणीही, गंभीरपणे सुरू केले होते. रबाळ्याच्या कारखान्याचे ऑडिट तीन आठवड्यांवर आले असताना पुढचा प्रसंग घडला.

पॅकिंग लाइनवरील एक बाई जेवणाच्या सुट्टीत मनुष्यबळ व्यवस्थापकांकडे आल्या. मुलाच्या फी-सवलतीसाठी त्यांना उत्पन्नाचा दाखला काढायचा होता आणि त्यासाठी पगाराचा कागद हवा होता. व्यवस्थापकांनी ठेकेदाराकडून आलेली पगारपत्रिका छापून दिली. बाईंनी ती वाचली, घडी घातली आणि परत टेबलावर ठेवली.

"साहेब, यावर जास्त लिहिलंय. मला हातात येतात तेवढेच लिहून द्या ना."

"मावशी, हेच तर तुमच्या खात्यात जमा झालेत."

"जमा होतात. पण दहा तारखेला पावणेदोन हजार मुकादमाला द्यावे लागतात. ते माझे कुठे?"

त्या तक्रार घेऊन आल्या नव्हत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांना फक्त खरा आकडा असलेला कागद हवा होता. पैसे परत देण्याची गोष्ट त्यांच्या लेखी बसभाड्यासारखी ठरलेली होती, तिच्यात त्यांना सांगण्याजोगे काही वाटत नव्हते. व्यवस्थापकांनी त्यांना बसवून आणखी दोन-चार प्रश्न विचारले तेव्हा सगळी पद्धत उलगडली. सात तारखेपर्यंत पगार बँकेत येतो. त्यानंतर मुकादम गेटबाहेर, रिक्षा स्टँडच्या बाजूला, 'हिशोब' घेतो. तो रोखच घेतो, मोबाइलवरून पाठवलेले चालत नाही. जी देत नाही तिला कोणी काही बोलत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी गेटवर "आज माणसं भरली" असे सांगून परत पाठवले जाते.

कागदोपत्री येथे काहीही चुकलेले दिसत नव्हते. किमान वेतन पूर्ण होते, भविष्यनिर्वाह निधीचे आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) चलन वेळेवर भरलेले होते, बँकेच्या यादीवर शिक्का होता. ऑडिटर जे जे मागतो ते सर्व फाइलमध्ये लावलेले होते.

कायदा काय म्हणतो

घटना जुन्या कायद्यांच्या काळातली आहे. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ च्या कलम ७ मध्ये एक स्पष्टीकरण होते: कामगाराने मालकाला किंवा मालकाच्या प्रतिनिधीला दिलेली कोणतीही रक्कम ही पगारातील कपातच मानली जाईल. म्हणजे रिक्षा स्टँडजवळ हातोहात दिलेले पावणेदोन हजार कायद्याच्या दृष्टीने बेकायदा कपात ठरतात, मग पगारपत्रिकेत त्यांचा उल्लेख असो वा नसो. कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० चे कलम २१ आणखी पुढे जात होते. पगार देण्याची जबाबदारी ठेकेदाराची असली तरी तो पूर्ण पगार देत नसेल, तर मुख्य मालकाने, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते त्याने, तो द्यावा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावा, असे ते सांगत होते. याच कलमात आणखी एक अट होती. ठेकेदार पगार वाटत असताना मुख्य मालकाचा एक प्रतिनिधी तेथे हजर राहिला पाहिजे आणि त्याने वाटप झाल्याचे प्रमाणित केले पाहिजे.

या शेवटच्या अटीवर थोडे थांबावेसे वाटते. पगार रोखीत वाटला जात होता तेव्हा हा साक्षीदार टेबलाशी बसत असे. तो कधी डोळेझाकही करत असेल, पण बाईच्या हातात किती नोटा पडल्या हे पाहण्याची निदान सोय होती. पगार बँकेतून जाऊ लागल्यावर साक्षीदाराची सही बँकेच्या यादीवर होऊ लागली. चोरी मात्र थांबली नाही. ती पगाराच्या टेबलावरून उठली आणि गेटबाहेर तीन दिवस उशिरा होऊ लागली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. मुख्य मालकाची अंतिम जबाबदारी त्यांत कायम आहे, कामगाराने मालकाला परत केलेली रक्कम ही कपातच मानण्याची तरतूदही वेतन संहितेत आहे. पण कंत्राटी कामगारांच्या बाबतीत भर आहे तो बँकेतून पगार देण्यावर आणि त्याची माहिती मुख्य मालकाला इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवण्यावर. बँकेतील जमा हा आवश्यक पुरावा आहे, यात शंका नाही. तो पुरेसा आहे असे समजणाऱ्या प्रत्येक कंपनीने एकदा दहा तारखेला आपल्याच गेटबाहेर उभे राहावे.

निव्वळ कागदांवर विसंबण्याची किंमत किती मोठी असू शकते याचे उदाहरण कराचीचे आहे. ११ सप्टेंबर २०१२ रोजी तेथील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून २५० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्या कारखान्याला काही आठवडे आधीच एसए ८००० हे सामाजिक जबाबदारीचे प्रमाणपत्र मिळाले होते. रबाळ्याच्या प्रकरणात कोणाचा जीव गेला नाही आणि दोन्ही घटना एका मापाने मोजू नयेत. ऑडिटरला दाखवलेला कारखाना आणि कामगाराने अनुभवलेला कारखाना वेगवेगळे असू शकतात, एवढाच धडा त्यातून घ्यायचा.

व्यवस्थापकांनी केलेला हिशोब

येथे मनुष्यबळ व्यवस्थापकांनी जे केले ते या प्रकरणातले सर्वांत शिकण्यासारखे काम आहे. त्यांनी बायकांना एकेक करून केबिनमध्ये बोलावले नाही. बोलावले असते तर तासाभरात मुकादमाला कळले असते आणि एकीनेही तोंड उघडले नसते. त्यांनी खरेदी विभागाकडून ठेकेदाराशी झालेला दराचा करार मागवला आणि उलट्या बाजूने गणित मांडले.

गणित सोपे करण्यासाठी मजुरी १०० रुपये धरू. तिच्यावर मालकाच्या बाजूने भविष्यनिर्वाह निधीचे १२ रुपये, त्याच्याशी जोडलेल्या विम्याचे आणि प्रशासकीय खर्चाचे मिळून १ रुपया, ईएसआयचे ३.२५, किमान बोनसचे ८.३३, दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस या हिशोबाने भरपगारी रजेचे ५, महाराष्ट्रातील घरभाडे भत्त्याचे ५ आणि उपदानाचे (ग्रॅच्युइटीचे) ४.८१ रुपये लागतात. बेरीज १३९ च्या वर जाते. यात ठेकेदाराचे कमिशन, गणवेश आणि देखरेखीचा खर्च अजून धरलेलाच नाही. करारातील दर याच मापाने १२४ रुपये होता.

म्हणजे करारावर सही झाली त्या दिवशीही त्यात मजुरी, निधी आणि ईएसआय यांचे ११६ रुपये २५ पैसे व वर पावणेआठ रुपये कमिशन एवढेच बसत होते. बोनस, रजा, घरभाडे आणि उपदान यांना त्यात जागाच नव्हती. पण खरी पाचर पुढे बसली. महाराष्ट्रात किमान वेतनावरील विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी बदलतो, जानेवारीत आणि जुलैत. ठेकेदाराचा दर मात्र खरेदी विभागाने तीन वर्षांसाठी गोठवला होता आणि भत्ता वाढला तर दर वाढेल असे कलम करारात नव्हते. काही सहामाह्यांत मजुरी १०० ची ११२ झाली असे धरले, तर मजुरी, निधी आणि ईएसआय यांनाच १३० रुपये २० पैसे लागतात. हातात येतात १२४. तूट ६ रुपये २० पैशांची, आणि ठेकेदाराने आपले कमिशन सोडले नाही तर जवळजवळ १४ रुपयांची. ही तूट महिन्याच्या पगाराला लावून पाहिल्यावर जो आकडा आला, तो पॅकिंगच्या बाईंनी सांगितलेल्या पावणेदोन हजारांच्या अगदी जवळचा होता.

बारा तासांच्या पाळीचेही तसेच. आठवड्याला ४८ तास भरल्यावरच्या कामाचा पगार त्या वेळच्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे दुप्पट दराने द्यावा लागत होता. म्हणून आठ तासांवर आणखी चार तास थांबलेल्या बाईला दोन दिवसांचा पगार मिळायला हवा होता. ठेकेदाराच्या बिलात बारा तासांना दीड दिवस लावलेला होता. खरेदी विभागाने ते बिल दर महिन्याला तपासून मंजूर केलेले होते, त्यावर हिरव्या शाईत बरोबरची खूणही होती.

व्यवस्थापकांनी हा एक पानाचा तक्ता संचालकांसमोर ठेवला. त्यावर ठेकेदाराविषयी एक शब्दही नव्हता. मुख्य प्रश्न त्यांनी असा लिहिला होता: आपण देत असलेल्या दरात कायदेशीर पगार देणे कोणत्याही प्रामाणिक ठेकेदाराला शक्य आहे का?

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा भार या प्रश्नावर आहे. व्यवसायनीतीच्या चर्चेत आपण चोरी कोणी केली याचा शोध घेतो, आणि पैसे हातात घेताना सापडला तो मुकादम असल्यामुळे शोध तेथेच संपवतो. पण तूट जन्माला आली ती वातानुकूलित खोलीत, जेव्हा तीन ठेकेदारांची कोटेशने शेजारी ठेवून सर्वांत खालच्या आकड्याभोवती गोल केला गेला आणि त्या बचतीबद्दल खरेदी व्यवस्थापकाच्या वार्षिक मूल्यमापनात चांगला शेरा पडला. प्रामाणिक ठेकेदाराने दिलेले कोटेशन तेव्हाच महाग म्हणून बाजूला गेले होते.

बैठक

संचालकांनी बैठक बोलावली तेव्हा प्रत्येकाने आपापल्या जागेवरून बोलणे स्वाभाविक होते. खरेदी व्यवस्थापकांचे म्हणणे असे की दर बाजाराचा आहे, शेजारच्या प्लॉटवरचे कारखाने याहूनही कमी देतात आणि आपल्या कागदात दोष नाही. कामगार कायद्याचे सल्लागार म्हणाले की यातले काहीही लिखित स्वरूपात आणू नये, कारण लिहिले की माहिती असल्याचे सिद्ध होते. ऑडिट होऊन जाऊ द्यावे, मग ठेकेदाराला तोंडी समज द्यावी. अध्यक्षांनी मुलीला एवढेच सांगितले, "अगं, ठेकेदार बदल आणि मोकळी हो."

अध्यक्षांचा सल्ला वरवर पाहता सर्वांत स्वच्छ दिसतो आणि बहुतेक कंपन्या तोच मार्ग घेतात. त्याचे परिणाम मात्र क्रमाने पाहावे लागतात. ठेकेदार गेला की त्याच्या हजेरीपटावरील दीडशे नावे जातात. नवा ठेकेदार आपली माणसे आणतो किंवा त्याच बायकांना नव्याने भरती करून त्यांची आधीची वर्षे पुसून टाकतो. दर तोच राहिला तर सहा महिन्यांत नवा मुकादम त्याच रिक्षा स्टँडवर उभा असतो. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचीच नोकरी जाते आणि ज्यांनी दर ठरवला त्यांची फाइल कोरी राहते.

ठेकेदाराची बाजूही ऐकण्याजोगी होती. ते शेजारच्या गावचे. त्यांच्या घरची भातशेती औद्योगिक वसाहतीसाठी गेली. नवी मुंबईच्या गावागावांतून जमिनी गेलेल्या कुटुंबांना कारखान्यांमधली लहानमोठी कंत्राटे मिळावीत ही मागणी जुनी आहे आणि तिच्यामागे जमीन गमावल्याचे खरे दुःख आहे. संचालकांनी त्यांना एकट्यांना बोलावले. त्यांनी नाकारले नाही. ते म्हणाले, "मॅडम, दर वाढवा म्हणून मी तुमच्या ऑफिसला तीन पत्रं दिली. उत्तर आलं, परवडत नसेल तर सोडा. सोडलं असतं तर माझ्या घरात काय राहिलं असतं? तुमच्या दरात पीएफ भरून पूर्ण पगार देऊन दाखवा, मी उद्या हात जोडून घरी बसतो." पत्रे खरोखरच खरेदी विभागाच्या फाइलमध्ये होती, आवक शिक्क्यासह.

तरीही त्यांची सुटका होत नाही, असे मला वाटते. दर अपुरा होता म्हणून कमिशन सोडण्याचा, पत्र थेट संचालकांना देण्याचा किंवा काम नाकारण्याचा पर्याय त्यांच्याकडे होता. तो अवघड होता, पण होता. पॅकिंगच्या बाईकडे एकही पर्याय नव्हता. तूट ज्याच्यावर ढकलली गेली तो साखळीतला सर्वांत अशक्त दुवा होता आणि ढकलणाऱ्या प्रत्येकाने आपल्यापेक्षा खालचाच माणूस निवडला: ग्राहकाने पुरवठादार, पुरवठादाराने ठेकेदार, ठेकेदाराने पिशव्या भरणारी बाई.

संचालकांचा निर्णय

त्यांनी घेतलेले निर्णय चार होते, आणि त्यांचे वजन सारखे नाही.

पहिला दराविषयी. नव्या करारात मजुरी आणि तिच्यावरील सर्व कायदेशीर देणी एका बाजूला व ठेकेदाराचे सेवाशुल्क दुसऱ्या बाजूला, असे दोन स्वतंत्र भाग केले. पहिला भाग सरकारने विशेष भत्ता बदलला की त्याच महिन्यापासून आपोआप बदलतो आणि त्यावर घासाघीस करता येत नाही. खरेदी विभागाला बोलणी करायची असतील तर ती फक्त सेवाशुल्कावर.

दुसरा निर्णय लहान दिसतो, पण माझ्या दृष्टीने तो पहिल्याहून महत्त्वाचा आहे. उद्या कोणाला कामावर घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार मुकादमाकडून काढून घेतला गेला. आठवड्याची नावांची यादी कंपनीचा सुपरवायझर शनिवारी गेटवरच्या फळ्यावर लावतो आणि यादीत नाव असलेल्या बाईला परत पाठवायचे असेल तर कारण लिहून मनुष्यबळ विभागाची सही घ्यावी लागते. पैसे परत घेण्याची ताकद मुकादमाच्या दमदाटीत नव्हती, ती "आज माणसं भरली" या तीन शब्दांत होती. पगार शंभर वेळा बँकेतून दिला असता तरी ते तीन शब्द त्याच्याकडे असेपर्यंत काहीही बदलले नसते. ज्यांना अशी प्रकरणे हाताळायची आहेत त्यांनी पैसा कोणत्या वाटेने जातो याच्याही आधी काम कोण वाटतो ते तपासावे.

तिसरा निर्णय थकबाकीचा. कोणत्या बाईने किती पैसे दिले याची नोंद कोठेच नव्हती आणि साक्ष द्यायला कोणी पुढे येणार नव्हते. कायद्याची नेहमीची चौकशी येथेच अडते, कारण ती पीडिताकडूनच पुरावा मागते. संचालकांनी व्यवस्थापकांचा तक्ताच पुरावा मानला. त्या त्या महिन्यात दर आणि कायदेशीर पगार यांत जेवढी तूट होती, तेवढी रक्कम हजेरीच्या प्रमाणात प्रत्येकीच्या खात्यात, कोणाकडूनही एक ओळ लिहून न घेता जमा करण्यात आली. तुटीचा भाग कंपनीने सोसला आणि त्या काळातील कमिशनचा भाग ठेकेदारांनी हप्त्यांनी परत करण्याचे मान्य केले.

चौथा निर्णय ग्राहकाला आधी सांगण्याचा. ऑडिटच्या आठवडाभर आधी संचालकांनी ग्राहकाच्या पुरवठा विभागाला पत्र पाठवले: काय आढळले, का घडले आणि काय बदलले. सल्लागारांचा याला पूर्ण विरोध होता. पत्राचे उत्तर नव्या ऑर्डरी तात्पुरत्या थांबवल्याच्या ईमेलने आले आणि ऑडिटमध्ये कारखान्याला 'गंभीर त्रुटी' असा शेरा मिळाला, जो पत्र लिहिले नसते तर बहुधा मिळाला नसता. दोन महिन्यांनी सुधारणांची पाहणी होऊन ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या. वाढलेल्या मजुरीपोटी झाकणामागे काही पैसे वाढवून द्यावेत ही विनंती मात्र ग्राहकाने नाकारली. जबाबदारीचा अहवाल छापणारी कंपनी आणि दर गोठवणारी कंपनी एकच होती, फक्त तिचे दोन विभाग एकमेकांशी बोलत नव्हते. रबाळ्याच्या कारखान्यातही तीन वर्षे हेच चालले होते.

जे अपुरे राहिले

संचालकांच्या धैर्याविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच त्या जेथे थांबल्या तेथे बोट ठेवणे गरजेचे आहे. थकबाकी एक वर्षाची दिली गेली, कारण जुन्या वेतन प्रदान अधिनियमाखाली दावा करण्याची मुदत बारा महिने होती. नव्या वेतन संहितेत ती तीन वर्षे आहे. पण मुदत ही न्यायालयाच्या दाराशी लागू पडते. कंपनीच्या स्वतःच्याच तक्त्यात तूट त्याआधीच्या महिन्यांतही दिसत होती, आणि आपणच मांडलेल्या गणितातून आपल्याला सोयीचे बारा महिने निवडणे हे नीतीच्या कसोटीवर टिकत नाही. जादा तासांचा फरक पुढच्या काळासाठी दुरुस्त झाला, मागचा दिलाच गेला नाही. मधल्या काळात काम सोडून गेलेल्या बायकांना शोधण्याचा प्रयत्नही झाला नाही, जरी त्यांचे बँक खात्याचे क्रमांक आणि यूएएन, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचे क्रमांक, दोन्ही फाइलमध्ये होते.

दुसरी गोष्ट खरेदी व्यवस्थापकांची. त्यांना ओरडा बसला, पण मूल्यमापनाचा तक्ता तोच राहिला. त्यात 'खर्चातील बचत' या रकान्याला आजही सर्वाधिक गुण आहेत. ज्या पद्धतीने माणसाला चूक करण्याबद्दल बक्षीस दिले ती बदलली नाही, तर माणूस बदलून किंवा रागावून फारसे साधत नाही. आणि खात्यात अचानक पैसे का आले हे बायकांना कोणी नीट सांगितले नाही. कित्येकींना तो बोनस वाटला. आपला हक्क आपल्याला मिळाला हे त्यांना कळू न देण्याने कंपनीची लाज वाचली असेल, पण पुढच्या वेळी कोणी कपात केली तर ती ओळखण्याची त्यांची ताकद वाढली नाही.

मध्यस्थाच्या हातून मजुरी गळू नये यासाठीची व्यवस्था महाराष्ट्राला नवीन नाही, हे या प्रकरणाच्या अभ्यासात सुटून जाऊ नये. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडींच्या लढ्यानंतर १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यात मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्क्यांचा आकार, माथाडी मंडळाकडे भरायची आणि मंडळाने कामगाराला पगार, निधी, रजा, बोनस द्यायचा, अशी रचना आहे. टोळीचा मुकादम आहे, पण पगाराची किल्ली त्याच्याकडे नाही. तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत, या कारखान्यापासून रेल्वेने तीन-चार स्थानकांवर, ही पद्धत चालते. तीवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्या टीकेत तथ्यही आहे. पण १९८१ च्या सुरक्षा रक्षक कायद्याने तीच कल्पना गेटवरच्या पहारेकऱ्यांसाठी वापरली. या कारखान्याच्या गेटवर बसणारे रक्षक त्या कायद्याखालील मंडळाकडून येतात. त्यांच्याकडून कोणी दहा तारखेला पैसे परत घेत नव्हते. ज्या गेटवर ते बसत होते, त्याच गेटबाहेर आत काम करणाऱ्या बायका पैसे मोजून देत होत्या. दोघांच्या प्रामाणिकपणात फरक नव्हता, पगार पोहोचवणाऱ्या रचनेत होता.

या प्रकरणावर चर्चा करताना विद्यार्थी बहुधा ग्राहकाला पत्र लिहिणे शहाणपणाचे होते का, यावर रेंगाळतात. माझी त्यांना विनंती अशी की त्यांनी तीन वर्षे मागे जाऊन खरेदी विभागातल्या त्या दिवसावर अधिक वेळ घालवावा, जेव्हा तीन कोटेशने टेबलावर होती. त्या दिवशी कोणालाही वाईट वागायचे नव्हते. कोणी खोटे बोलले नाही. फक्त १०० रुपयांच्या मजुरीला १३९ लागतात ही बेरीज करायला कोणी बसले नाही, आणि बसवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्या वरिष्ठांनी बचतीचा आकडा पाहून सही केली. मनुष्यबळ विभागाला त्या बैठकीत बोलावलेलेच नव्हते.

संचालकांनी त्यानंतर साफसफाई, कँटीन आणि माल चढ-उतार या तीन करारांचे तसेच तक्ते मागवले. साफसफाईच्या करारात तूट पॅकिंगपेक्षाही मोठी निघाली. कँटीनचा करार थाळीमागे आहे, त्यात मजुरीचा वेगळा आकडाच नाही, म्हणून त्याचा तक्ता अजून पूर्ण झालेला नाही. साफसफाईचा दर दुरुस्त करण्यासाठी लागणारी वाढीव रक्कम संचालक मंडळाच्या मंजुरीसाठी ठेवली आहे. अध्यक्षांनी त्यावर ती पुढच्या आर्थिक वर्षात घ्यावी असे सुचवले आहे, आणि संचालकांनी मागच्या सहा महिन्यांच्या तुटीचा आकडा त्याच टिपणीखाली लिहून ते कागद पुन्हा त्यांच्याकडे पाठवले आहेत.